पट्टी बांधलेलं बोट

हातखंब्याच्या नाक्यावर भर दुपारी एक माणूस सरबतवाल्याकडे पाच किलो बर्फ मागत होता.

मी कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने आलेला मोटरचा सुटा भाग घ्यायला गेले होते. ऑक्टोबरचं ऊन, महामार्गाची लाल धूळ, आणि त्या माणसाच्या पायाशी एक निळी पेटी. पेटीला चारही बाजूंनी चिकटपट्टी, वर कसलंसं सील.

"येवढा बर्फ कशाला?" सरबतवाल्याने विचारलं. "पेटीत पेशंट हाय काय?"

"कोळंबी आहे."

"मग विकून मोकळे व्हा की."

"विकायची नाही हो, तपासायला पाठवायची आहे. परदेशात जायच्या आधी बघावं लागतं, तिला कुणी नको ती औषधं चारलीत का ते."

"म्हणजे पासपोर्ट तुम्ही देता तिला," मी म्हटलं. मला मध्ये बोलायचं काहीच कारण नव्हतं.

त्याने वळून पाहिलं. घामाने चष्मा नाकावर घसरला होता. "एका अर्थी मीच देतो. मी अडवली तर ती इथल्या लग्नाच्या जेवणात."

"आणि सोडली तर?"

"तर तिकडच्या लग्नाच्या जेवणात."

मी हसले. मग त्याला म्हटलं, "सरबताचा बर्फ घालू नका, कोळंबीला मधुमेह निघायचा. माझ्याबरोबर चला."

नाक्यापलीकडे ताडपत्रीखाली गंगा मासे घेऊन बसते. तिच्याकडे बर्फाची अर्धी लादी होती. ती फोडता फोडता तिने सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "पावना कोण गो, बाय?"

"मला नाही माहीत," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

"मलाही हेच विचारायचंय," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

मी तोवर स्कूटर सुरू केली होती. "बर्फवाली," एवढंच म्हटलं आणि निघाले.

घरापर्यंत ते हसू माझ्या तोंडावर तसंच होतं. काजळीच्या खाडीचं वळण आलं, आमच्या तळ्याचा बांध दिसला... आणि मग मला लाज वाटली. आप्पांना जाऊन अजून तीन महिने झाले नव्हते.

आप्पा म्हणजे माझे वडील. खाडीकाठच्या आमच्या दीड एकरात त्यांनी अठरा वर्षं कोळंबी काढली. त्या अठरा वर्षांत त्यांनी तळ्यात चुना टाकला, खाद्य टाकलं, भरतीचं पाणी घेतलं. औषध एकदाही टाकलं नाही. एका वर्षी रोग आला तेव्हा आजूबाजूचे लोक पिशव्या आणून ओतत होते. आप्पांनी सगळं पीक चुना घालून पुरलं आणि दुसऱ्या दिवशी तळं सुकवायला काढलं. "औषध दिलेली कोळंबी माझ्या नातीला घालीन काय मी?" असं ते म्हणत. नात वगैरे नव्हती. माझं लग्नच झालं नव्हतं. पण ते तसं म्हणत, आणि म्हणताना माझ्याकडे बघत.

मी पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायचं काम करत होते. आप्पा अंथरुणाला खिळले तेव्हा रजा घेऊन आले, मग रजा संपली आणि मी गेले नाही. शेवटचे पाच महिने मी त्यांची पाठ पुसली, जखमांना मलम लावलं, कूस बदलली. तळं या काळात दादूमामाने सांभाळलं. दादूमामा मी तेरा वर्षांची असल्यापासून आमच्याकडे कामाला आहे. त्या हंगामाचं बियाणं आप्पांनी अंथरुणातूनच मागवलं होतं. ते वाढताना त्यांना दिसलं नाही. तेवढं पीक नीट काढून द्यायचं, आप्पांच्या नावाने स्वच्छ कागदासह बोटीवर चढवायचं, आणि मग पुण्याला जायचं, असं मी ठरवलं होतं.

आठवड्याने आमच्या बांधावर एक मोटरसायकल थांबली. मागे निळी पेटी.

"आप्पा नागवेकर इथेच...?" त्याने विचारलं, आणि मला पाहून चष्मा वर सारला. "बर्फवाली."

"आप्पा आत आहेत," मी म्हटलं. "फोटोत."

तपासणीचा अर्ज अजून त्यांच्याच नावाने होता. त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं. पण तो असा काही ओशाळला की मलाच वाईट वाटलं. चपला काढून तो पडवीत गेला, फोटोसमोर क्षणभर उभा राहिला आणि परत येऊन म्हणाला, "माझं नाव अनिश घोसाळकर. मी मंडणगडचा. जिल्ह्याच्या नकाशात इतके वर आहोत की छापताना कधी कधी आमच्यावर शीर्षक येतं."

"मी ऋजुता. चहा घेणार?"

"नियमात बसत नाही. पण पाणी चालतं. आणि पाणी देणाऱ्याने चुकून त्यात चहा टाकला तर..."

त्या दिवशी त्याला फक्त कागद पाहायचे होते आणि पाणी मोजायचं होतं. त्याच्याकडे खारटपणा मोजायचं छोटं दुर्बिणीसारखं यंत्र होतं. आप्पा ते जिभेने करत. मीही बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हटलं, "चौदा."

त्याने यंत्र डोळ्याला लावलं. बराच वेळ काढला. "पंधरा."

"तुमचं यंत्र जुनं झालंय."

"तुमची जीभ नवी आहे," तो म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला. मग त्यानेही बोट बुडवून चाखून पाहिलं. "चौदाच असेल," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा आला, पुन्हा पाणी मोजायला. त्याची काही गरज नव्हती. हे मला ठाऊक होतं, दादूमामालाही ठाऊक होतं. दादूमामा तळ्याच्या पाण्यात हवा घालणाऱ्या एरेटरच्या पंख्याला ग्रीस लावत तिकडूनच म्हणाला, "साहेब, खाडीचं पाणी बदललं की मंडणगडला तार येते काय?"

"तार नाही हो दादूमामा, स्वप्न पडतं."

येताना त्याने आईने दिलेलं कुळथाचं पीठ आणलं होतं. आम्ही बांधावर बसलो. परतीच्या पावसाची एक सर आली, आणि आम्ही दोघं खाद्याच्या खोलीच्या पत्र्याखाली खेटून उभे राहिलो. पत्र्यावरचा आवाज इतका होता की बोलायचं तर कानाशी यावं लागे. त्याने मला तपासणीचे नियम सांगितले. पावसात उभं राहून कुणी कुणाला असे नियम सांगितले नसतील... तळ्याचे चार कोपरे आणि मध्य. नमुना घेणाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. एक कोळंबी जरी दुसऱ्या कुणी उचलली, तर सगळी पिशवी रिकामी करायची आणि पहिल्यापासून सुरुवात.

"इतकं सोवळं?"

"अब्जातला एखादा भागही यंत्राला सापडतो. तिकडच्या बंदरात सापडला तर कंटेनरच्या कंटेनर परत येतात."

"आणि तुमचं काय होतं?"

"मला कागद तपासायला टेबलाशी बसवतात," तो म्हणाला. "मग खाडीवर यायला निमित्त उरत नाही."

मी पावसाकडे बघत राहिले. घरात आप्पांच्या फोटोला हार घातलेला, आणि मी बाहेर एका परक्या माणसाच्या ओल्या बाहीचा गारवा दंडाला जाणवून घेत उभी. वाडीतली बायामाणसं पाणंदीने जाताना बघत होती. मला त्यांची लाज नव्हती वाटत. पण आत पडवीत जायची वाटत होती.

नमुन्याच्या दोन दिवस आधी खाद्य तपासायच्या जाळीतून कोळंबी काढताना तिच्या डोक्याचा काटा माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात खोल गेला. मी बोट धुतलं, आप्पांच्या खणातली मलमाची ट्यूब काढली, मलम लावून पट्टी बांधली. पिवळं मलम. त्यांच्या पाठीच्या जखमांसाठी आणलेली ती शेवटची ट्यूब अर्धी उरली होती. ती टाकवत नव्हती. झाकण उघडलं की त्यांच्या खोलीचा वास यायचा. खरं सांगायचं तर एवढ्याशा जखमेला मी गरजेपेक्षा जास्त वेळा मलम लावत होते.

नमुन्याच्या सकाळी खाडीवर धुकं होतं. दादूमामाने पाग फेकला. जाळं हवेत गोल उघडलं आणि पाण्यावर पडलं. अनिशने निळे हातमोजे चढवले होते.

"आज साहेबासारखं वागणार आहे," तो मला म्हणाला. "हसवायचं नाही."

"मी कुठे हसवतेय?"

"तुम्ही उभ्या आहात ना, तेवढं पुरतं."

चार कोपरे झाले, मध्य झाला. पसरट टोपलीत अर्धपारदर्शक कोळंबी तडतडत होती. तो एकेक उचलून पिशवीत टाकत होता, आणि एक टुणकन उडाली. बांधावर पडली, पुन्हा उडाली, पाण्याच्या काठाला गेली. मी धावले. गुडघे टेकून ओंजळीत तिला पकडलं. ती तळव्यात धडपडत होती, काटे टोचत होते, आणि मी मोठ्याने हसत होते, लहान मुलीसारखी. हसता हसता परत आले आणि त्याने उघडून धरलेल्या पिशवीत ती सोडली. माझं पट्टीचं बोट त्याच्या हातमोज्याला लागलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्याने पिशवी रिकामी करायला हवी होती.

"ही शेवटची," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. आणि त्याने पिशवी बांधली.

पाग गोळा करणारे दादूमामाचे हात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले.

त्या संध्याकाळी त्याचा संदेश आला: 'आठ दिवसांनी अहवाल येतो. त्यानंतर माझा तुमच्या तळ्याशी कामाचा संबंध राहत नाही. मग चहा चहा म्हणून पिता येईल.' मी तो किती वेळा वाचला ते सांगत नाही.

नवव्या दिवशी तो आला. पेटी नव्हती. त्याने मोटरसायकल बांधाच्या बऱ्याच आधी लावली आणि चालत आला.

"अंश सापडलाय," तो म्हणाला. "नायट्रोफ्युरान. बंदी असलेलं औषध आहे. थोडं आहे, पण... थोडं चालत नाही." मग खाली बघत म्हणाला, "तळ्यात कधी काही टाकलं गेलं का?"

"आमच्या तळ्यात?" मी म्हटलं. "आप्पांच्या तळ्यात?"

माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचा ट्रक आता येणार नव्हता. पण मला त्या वेळी ट्रक दिसत नव्हता. मला ऐकू येत होतं ते वाडीतल्या लोकांचं बोलणं: आप्पा गेले तेच बरं झालं, नाहीतर हे बघावं लागलं असतं. किंवा त्याहून वाईट. आप्पाच टाकत असतील, कळलं आत्ता. आणि मी वळले.

"दादूमामा, आप्पा अंथरुणाला खिळल्यापासून तळ्यावर तुम्हीच होतात. काय टाकलंत?"

दादूमामा खाद्याची गोण शिवत होता. त्याने दाभण गोणीत टोचून ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग अनिशकडे पाहिलं. अनिश स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

"मी काय टाकणार?" दादूमामा म्हणाला.

"मग आपोआप आलं?"

तो उठला. कनवटीची खोलीची किल्ली काढून त्याने गोणीवर ठेवली. "किल्ली हितं ठेवलीय, ताई," तो म्हणाला आणि बांधाने निघून गेला.

अठरा वर्षांत त्याने मला 'बाय' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

अनिशही निघाला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं होतं, पण मी पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी मी याहून वाईट वागले. मी आप्पांचं कपाट उघडलं. कागद शोधतेय असं स्वतःला सांगितलं. पण मी औषधाची पाकिटं शोधत होते. जुना चष्मा होता, खडीसाखरेची डबी, चुन्याने पांढरी झालेली वही, आणि एक जाड फाईल. अठरा वर्षांचे तपासणीचे कागद, तारखेने लावलेले. प्रत्येकावर एकच ओळ: आढळले नाही. आढळले नाही. आढळले नाही. मी जमिनीवर बसून ते सगळे वाचले. मेलेल्या माणसाच्या खिशात हात घातल्यासारखं वाटलं... आणि खिशात त्याने माझंच काही जपून ठेवलेलं सापडलं.

दुपारी हात धुताना पट्टी भिजली. मी खणातली ट्यूब काढली, झाकण उघडलं, वास घेतला. आणि सवयीने, छापलेलं काहीही हातात आलं की वाचायच्या माझ्या सवयीने, ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. गेले कित्येक महिने ती माझ्या हातात होती. नऊ वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. आणि ही ओळ मी एकदाही वाचली नव्हती.

नायट्रोफ्युराझोन. अनिशने सांगितलेल्या औषधाच्याच घरातलं नाव.

मी आधी बोटाकडे पाहिलं. मग ओंजळीत धडपडणारी ती कोळंबी आठवली. मग माझं हसू.

दादूमामाचं घर वरच्या वाडीत आहे. अंगणात भात वाळत होतं. त्याची बायको तुळसा सूप घेऊन बसली होती. मला बघून ती आत गेली. पाणी आणायला नव्हे. दादूमामा ओट्यावर होता.

मी उभ्यानेच सांगितलं. ट्यूब दाखवली. "ते माझ्या हातानं गेलं," मी म्हटलं. "तळ्यात काही नव्हतं. तुम्ही काही केलं नव्हतं. मी तुम्हाला..."

त्याने ट्यूब हातात घेतली, उलटसुलट केली. त्याला अक्षरं वाचता येत नाहीत. "ही आप्पांची," तो म्हणाला.

"हो."

"हात घातलास ता मी बघितलं व्हतं," तो म्हणाला. "अठरा वर्सं बघतोय मी ह्या लोकांना. कुणी शिवलं की पिशवी टाकायची, मना ठावं हाय."

"मग तेव्हाच का नाही बोललात? मी काल विचारलं तेव्हा तरी..."

"आप्पा गेल्यापासनं पयल्यांदा हसलीस," तो म्हणाला. "मी कशाला बोलू?"

मी खाली बसले. भाताच्या कडेला, तशीच. रडणं मला आप्पांच्या वेळीही नीट जमलं नव्हतं. ते तिथे, दुसऱ्याच्या अंगणात आलं. तुळसा दारात येऊन उभी राहिली आणि पुन्हा आत गेली, या वेळी पाणी आणायला.

पण दादूमामाने मला 'बाय' म्हटलं नाही. निघताना एवढंच म्हणाला, "पंखे चालू हायत ना? उद्या येतो मी. कोळंबीनं काय केलंय?" तो कोळंबीसाठी येणार होता, आप्पांच्या. माझ्यासाठी नाही, आणि ते बरोबरच होतं.

अनिशला मी भाट्याच्या पुलाखाली, जुन्या धक्क्यावर बोलावलं. भरती लागत होती. होड्या एकमेकींना हलक्या धडकत होत्या. मी ट्यूब त्याच्या हातात दिली आणि बोट पुढे केलं.

त्याने नाव वाचलं. तो कठड्यावर बसला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला पट्टी दिसली होती," तो म्हणाला.

"काय?"

"त्या दिवशी. पट्टीच्या कडेला पिवळं होतं. अहवाल आला तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. खात्री नव्हती. पण आठवलं. आणि तुम्ही दादूमामांना विचारत होतात, तेव्हा मी..." त्याने ट्यूब कठड्यावर ठेवली. "मी बुटांकडे बघत होतो. बोललो असतो तर सांगावं लागलं असतं, की दुसऱ्या कुणी शिवलेली कोळंबी मी पिशवीत घेतली. नोकरी कंत्राटाची आहे. मी गप्प राहिलो. तीन दिवस मला जेवण जात नाहीये, ऋजुता."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच असं, मागेपुढे काही न लावता घेतलं होतं. अशा वेळी ते ऐकायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. आला नाही. मी ज्या पाण्यात बुडत होते, त्यात शेजारी आणखी कुणीतरी होतं, एवढंच वाटलं.

"दादूमामाने आपल्या दोघांनाही पाहिलं होतं," मी म्हटलं. "तोही गप्प राहिला. पण त्याचं गप्प राहणं वेगळं होतं."

"मला जायचंय त्यांच्याकडे."

"जा. मी येणार नाही बरोबर. तिथे एकट्यानेच जावं लागतं."

त्याने खिशातून पेन काढलं. माझ्याकडे पिशवीत कोरे कागद असतातच. त्याने तिथेच मांडीवर कागद ठेवून लिहायला घेतलं. नमुना घेताना नियमाचा भंग झाला. अन्य व्यक्तीचा हात लागल्याचे मी पाहिले. नमुना रद्द केला नाही. चूक माझी. तळ्याचा पुन्हा नमुना घ्यावा.

"ट्यूबचं मी लिहून देते," मी म्हटलं. "माझ्या सहीने. बिलासकट."

"ते विचारतील, रद्द का केला नाही?"

"मग काय लिहिणार?"

"दुर्लक्ष झालं, असं." त्याने ते लिहिलं. मग पेन तसंच धरून बसला. खाली पाणी धक्क्याच्या दगडांत बुडबुडत होतं. "खरं तर खोटं आहे हे."

"का?"

"दुर्लक्ष कसलं... लक्षच होतं. सगळं. तुमच्याकडे." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "पण ते अर्जात लिहायला रकाना नसतो."

मी त्याच्या हातातलं पेन घेतलं, 'दुर्लक्ष' शब्दाखाली मुद्रितात संशयास्पद जागी काढतो तशी तुटक रेघ मारली, आणि मग ती खोडून टाकली. "राहू दे," मी म्हटलं. "एवढी एक चूक आपल्यात राहू दे."

त्याला जाब द्यावा लागला. सहा महिने टेबलाशी बसायची शिक्षा झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. दुसरा नमुना घ्यायला एक बाई आल्या, कमी बोलणाऱ्या. त्या दिवशी मी पडवीत खुर्चीवर बसले होते, हात मांडीवर, आप्पांच्या फोटोखाली. बांधावर गेलेच नाही. दादूमामाने पाग फेकला. लांबून तो हवेत उघडताना दिसला.

अहवाल आला: आढळले नाही. मी तो फाईलमध्ये लावला. त्याच्यामागे पहिलाही लावला. आप्पांनी लपवला नसता.

नोव्हेंबरच्या अखेरीस पीक काढायचा दिवस ठरला. पहाटे उजाडता उजाडता दादूमामाने बांधातलं दार उघडून तळ्याचं पाणी ओहोटीबरोबर खाडीत सोडलं. कंपनीचा ट्रक पाणंदीच्या तोंडाशी उभा होता. वाडीतली सगळी माणसं आली होती. दादूमामा सगळ्यांना हुकूम देत होता. मला मात्र "ताई, तुमी जरा बाजूला व्हा", "ताई, ती टोपली द्या" असं. दरवेळी तो 'ताई' बोटातल्या काट्यासारखा लागायचा. मी टोपली देत होते.

मोटरसायकलचा आवाज आला नाही. तो एसटीने आला, फाट्यापासून चालत. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात.

"रजा काढली," तो म्हणाला. "आता या तळ्याशी माझा कामाचा काही संबंध नाही."

"मग कशाला आलात?"

"चहा राहिलाय."

"आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात पाणी मोजायला येईन. यंत्र त्यांनी काढून घेतलंय. जिभेनेच मोजावं लागेल."

"मी पुण्याला जाणार होते," मी म्हटलं.

"होतात?"

दारातून सुटलेल्या पाण्यात जाळं फुगत होतं. राखाडी-हिरवी कोळंबी त्यात उसळत होती. आप्पांनी मागवलेलं बियाणं, एवढं मोठं झालेलं. अनिशने वाकून एक उचलली. उघड्या हाताने. तळव्यावर धरून माझ्यापुढे केली.

मी हात पुढे नेला आणि थांबले. बोट कधीच बरं झालं होतं. मलम नव्हतं. ट्यूब मी आप्पांच्या फोटोमागे ठेवली आहे, झाकण घट्ट लावून. तरी हात पुढे जाईना. एवढी माणसं बघत होती. ज्या हाताने हे सगळं केलं, तोच हात होता.

जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, कमरेभर पाण्यात दादूमामा उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, अनिशकडे पाहिलं, आणि सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा ओरडला,

"हात धुतलंस काय गो, बाय?"

सगळे हसले. त्यांना काय कळलं असेल ते असो. मला एकदम दिसेनासं झालं. मी काठावर बसले. अनिशने पिंपातलं गोडं पाणी तांब्यात घेतलं आणि माझ्या ओंजळीवर धरलं, बारीक धारेने, सावकाश. मी हात धुतले. तळवे, पाठ, बोटं एकेक करून. मधल्या बोटाशी आल्यावर त्याने धार थांबवली, तांब्या खाली ठेवला आणि ते बोट आपल्या ओल्या हातात धरलं.

"धुतले, दादूमामा," मी म्हटलं.

"मग बसलीस काय? ये जाळ्याला," तो म्हणाला. "आनि त्यालापण आण."